स्टीअरिंग काय म्हणतंय

टिचकीशेठ स्लॅबला गाल लावायला लागले, तेव्हा कारखान्यातल्या गड्यांना वाटलं, शेठनी नवी विद्या काढली. ग्रॅनाइटचा स्लॅब पॉलिश होऊन आला की पूर्वी ते त्यावरून बोटं फिरवायचे, मग नखानं एक टिचकी मारायचे आणि मान हलवायचे. मान उभी हलली तर माल टेम्पोत, आडवी हलली तर पुन्हा मशीनखाली. त्या टिचकीवरूनच नाव पडलेलं. आता ते चष्मा वर सारायचे, वाकायचे आणि दगडावर गाल टेकवून डोळे मिटायचे. महिना-दीड महिन्यात गडीही तसंच करायला लागले. गिऱ्हाईक आत आलं की बघायचं, सगळे बाप्ये दगडाला गाल लावून उभे. एका बाईंनी न राहवून शेठच्या बायकोला विचारलं, "यांना काही होतंय का?"

"काही नाही," गल्ल्यावर बसलेली ती म्हणाली. "पॉलिश बघताहेत."

शेठच्या बोटांना खरंच काही होत नव्हतं. गार नाही, गरम नाही, खरखर नाही, गुळगुळीत नाही. तरुणपणी दुसऱ्याच्या शेडमध्ये ग्राइंडर हातात घेतला तो कधी खाली ठेवलाच नाही. पुढं स्वतःची शेड झाली, मोठी मशीनं आली, गडी आले, पण ओट्याची गोल कड ते स्वतःच काढायचे. ती दुसऱ्याकडून नीट निघत नाही असं त्यांचं मत, आणि ते खोटं नव्हतं. दिवसभर ग्राइंडर हातात थरथरायचा. संध्याकाळी घरी आल्यावर हात मधमाश्यांच्या पोळ्यासारखे घुमत राहायचे. ताटाला चमचा लागला की ताट वाजायचं आणि पोरं हसायची. मग थंडीत बोटांची टोकं पांढरी पडायला लागली. शेठ म्हणाले, दगडाची पावडर आहे, धुतल्यावर जाईल. मग मुंग्या. मुंग्या होत्या तोवर बरं होतं, म्हणजे निदान कुणीतरी राहत होतं तिथं. मग मुंग्याही गेल्या.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? दुखत असलं तर माणूस कण्हतो, चार लोक विचारतात. न दुखणाऱ्या गोष्टीचं काय सांगायचं. बटणांचे शर्ट मागं पडले, गळ्यातून घालायचे बनियनवजा सदरे आले. कपाचा कान सोडून दोन्ही तळव्यांत कप धरायची सवय लागली. एकदा तळव्याला फोड आलेला दिसला तेव्हा कळलं की सकाळचा चहा फार गरम होता.

गाडी त्यांनी याच काळात घेतली.

एका सर्जनच्या घरी ओट्याचं माप घ्यायला गेले होते. सर्जनची बीएमडब्ल्यू एम फाइव्ह विकायला होती. निळी, नवी नाही, पण जपलेली. सर्जनला आपल्या गाडीचं कौतुक सांगायला माणूस हवा होता, आणि शेठ समोर उभे होते. "चालवून तर बघा," म्हणाला. शेठ नको नको म्हणत बसले. त्या पिढीच्या एम फाइव्हचं स्टीअरिंग तेलाच्या दाबावर चालतं. शेठना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. कॉलनीच्या मागं रस्त्याचा एक उखणलेला पट्टा होता. गाडी त्यावरून गेली आणि तो पट्टा स्टीअरिंगमधून वर चढला. बोटांत नाही कळला. बोटं ओलांडून तो मनगटात आला. शेठनी गाडी वळवली आणि पुन्हा त्याच पट्ट्यावरून नेली. मग पुन्हा एकदा. सर्जनला वाटलं, माणूस इंजिनावर भाळला.

गाडी दारात आली तेव्हा बायको म्हणाली, "आपल्याला टेम्पो घ्यायचा होता ना?"

"पुढच्या वर्षी."

"यात स्लॅब मावतो का?"

"यात चार माणसं मावतात."

"आपण दोघंच आहोत घरी," ती म्हणाली आणि आत गेली.

आता दुसऱ्या गाडीकडं यायला हवं, म्हणजे साडूकडं. शेठच्या बायकोची धाकटी बहीण ज्याला दिलेली, तो ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. दिवसभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून "क्लच, क्लच, अहो क्लच" म्हणून ओरडतो, म्हणून त्याला सगळे क्लच म्हणतात. बायकोसुद्धा. ती स्वतः त्याच शाळेत बायकांना शिकवते आणि नवऱ्यापेक्षा कमी ओरडून जास्त लोक पास करते. क्लच आणि टिचकीशेठ यांचं लग्नापासून लागलेलं. एकानं घराला वरचा मजला चढवला की दुसऱ्याची गच्ची अडचणीची व्हायची. एकानं दाढ काढली की दुसऱ्याची दुखायला लागायची.

क्लचनं निळ्या गाडीभोवती एक फेरी मारली, टायर बुटानं दाबला आणि म्हणाला, "छान आहे साडूबुवा. तुमच्या वयाला शोभते." आणि पावसाळा संपायच्या आत कुठून तरी मर्सिडीज घेऊन आला. एएमजी, ई सिक्स्टी थ्री. करड्या रंगाची, तीही वापरलेली, पण शेठच्या गाडीपेक्षा नव्या पिढीची. शिकाऊला एक, शिकवणाऱ्याला एक असे दोन-दोन ब्रेक असलेल्या डबड्यात आयुष्य काढलेल्या माणसानं एवढं तरी करावं, असं तो म्हणाला. ते कुणाला खोडून काढता आलं नाही.

तेव्हापासून दोघं भेटले की तेच.

"साडूबुवा, तुमच्या इंजिनाचा आवाज आत स्पीकरमधून ऐकवतात म्हणे. इंजिन आहे का कॅसेट?"

"आणि तुमच्या इंजिनावर कुणाची तरी सही आहे म्हणे. पार्सल सोडवून आणलंत का?"

"एक माणूस, एक इंजिन. पहिल्या नटापासून शेवटच्या नटापर्यंत एकाच्या हातचं. मग तो त्यावर नावाची पट्टी ठोकतो. तुम्हाला तर कळायला पाहिजे, तुम्ही हाताची माणसं."

"माझ्या ओट्यांवर मी सही करत नाही. लोक त्यावर कांदा चिरतात."

"म्हणूनच म्हणतो, तुमच्या गाडीला पुढं-मागं काही नाही. नुसती मागची दोन चाकं ढकलतात. ओल्या रस्त्यावर शेपूट हलवते. माझी चारी पाय रोवून उठते. वळणावर सीट कशी कुशी आवळते, बसून बघा एकदा."

"सीटनं कुशी आवळायला मी काय तान्हं पोर आहे?"

असं चालायचं. पण शेवटी शेठ हुकमाचं पान टाकायचे. "स्टीअरिंगचं काय? तिथं तुम्ही मार खाता. तुमचं विजेवर चालतं, गुळमुळीत. माझं बोलतं. रस्त्यावर काय आहे ते हाताला सांगतं." यावर क्लच दोन घोट चहा पिऊन गप्प बसायचा, कारण तसं त्यानंही वाचलेलं होतं.

दोन वर्षं शेठनी हे पान टाकलं. त्यातल्या दुसऱ्या वर्षी स्टीअरिंग त्यांच्याशी एक अक्षर बोललं नव्हतं. आधी मनगटात येणारा रस्ता मनगटाखालीच थांबायला लागला. मग तिथंही येईना. आपली गाडी ते कानानं आणि बुडानं चालवत होते. इंजिन कुठल्या सुरात आलं की किती वेग, सीट कशी ढकलते म्हणजे वळण किती, हे त्यांनी हळूहळू बसवून घेतलं होतं. आपल्याच घरात अंधारात फिरावं तसं.

धाकट्या मेव्हणीनं एकदा कंटाळून सांगितलं, "भाऊजी, तुम्ही आणि क्लच एकदा गाड्यांची अदलाबदल करा आणि आमचे कान मोकळे करा. त्यानं तुमची चालवायची, तुम्ही त्याची. मालकानं शेजारी बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. नंतर आमच्यासमोर निकाल द्यायचा. आणि दुसऱ्याच्या गाडीतली एक तरी चांगली गोष्ट सांगायची, खरी."

दोघांनीही आजवर एकमेकांच्या गाडीच्या स्टीअरिंगला हात लावला नव्हता. दुसऱ्याची आवडली तर काय, ही क्लचची भीती. शेठची वेगळी होती. परक्या घरात त्यांना अंधारात फिरता येणार नव्हतं. आणि शेजारी बसणार कोण, तर लोकांचे हात बघून पोट भरणारा माणूस. हाच क्लच एका म्हाताऱ्याला पहिल्याच दिवशी घरी सोडून आला होता, त्याचा हात गिअरवर ठरत नाही म्हणून. म्हातारा गयावया करत होता आणि हा त्याच्या पोराला सांगत होता, चावी लपवून ठेवा. ती गोष्ट क्लच अजून अभिमानानं सांगायचा. हातांचं कळलं, तर निळी गाडी गेली. शेठना ते स्वच्छ दिसत होतं. पण नाही म्हटलं असतं तर का नाही हे सांगावं लागलं असतं.

रविवारी सकाळी दोन्ही गाड्या पेट्रोल पंपावर आणल्या आणि तिथून निघाले. दोघी बहिणी मागच्या सीटवर.

आधी क्लचनं एम फाइव्ह घेतली. शेजारी बसलेल्या शेठनी त्याला काहीच सांगितलं नाही, नियमच होता. बायपासला लागल्यावर त्यानं स्टीअरिंगवरचं एमचं बटण दाबलं आणि गाडी दावं तोडलेल्या खोंडासारखी सुटली. मागून धाकटी म्हणाली, "पोट पाठीला लागलं माझं." थोरलीनं खिडकीची काच खाली केली. पुढं खडी सांडलेला एक तुकडा आला. क्लचनं वेग कमी केला, त्यावरून गाडी सावकाश नेली, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते शेठनी बघितलं. मग त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

पंपावर परत येऊन गाड्या बदलल्या. मर्सिडीजच्या गिअरचा दांडा स्टीअरिंगच्या मानेलाच असतो. काचेवर धूळ होती म्हणून शेठ वायपर लावायला गेले आणि भर रस्त्यात गाडी न्यूट्रल झाली. इंजिन नुसतंच हंबरलं. क्लचनं सवयीनं पायाखालची मॅट दाबली, तिथं ब्रेक नव्हता. "बोलायचं नाही," धाकटीनं मागून बजावलं.

मग गाडी लागली वेगाला. तिचा आवाज शेठना आवडला, खोल विहिरीत दगड टाकल्यासारखा. वळणावर सीटनं खरंच कुशी आवळली, तेही त्यांना कळलं, कारण कुशी अजून होती. हात स्टीअरिंगवर ठेवले होते. ठेवले होते हे त्यांना दिसत होतं. कोपरात काहीतरी गुणगुणत होतं, पण ती गुणगुण तर कायमचीच. ते समोर बघत राहिले. आरामात निघालीय, असं त्यांना वाटलं. क्लच दोनदा त्यांच्या हातांकडं आणि एकदा तोंडाकडं बघून गेला.

पंपाच्या कॅन्टीनमध्ये चौघं बसले. क्लचनं आधी निकाल दिला. त्याला जड गेलं ते, पण माणूस शब्दाला पक्का.

"सस्पेन्शन दणकट आहे, कंबर मोडते. आतलं जुनं वाटतं. आवाजाचं नाटक मला नाही पटलं. पण स्टीअरिंग," तो थांबला, "स्टीअरिंग बोलतं, मान्य. त्या खडीवरून गेलो तर मला एकेक खडा वेगळा कळला. गोल कुठला, टोकाचा कुठला."

शेठनी कप खाली ठेवला. परक्या माणसानं आपल्याच घरातली बातमी आपल्याला सांगावी, तसं झालं.

"आता तुम्ही, भाऊजी. एक चांगली गोष्ट, खरी," धाकटी म्हणाली.

क्लच एवढं देऊन बसला होता, तर आपणही देऊन टाकावं असं शेठना वाटलं. आणि हातांबद्दल काही शंका असेल तर तीही मिटेल. म्हणून ते म्हणाले, "तुमचं स्टीअरिंग मी उगाच हिणवत होतो, साडूबुवा. लोणी आहे. एवढा वेग आणि हूं नाही की चूं नाही. सायीवरून बोट फिरवावं तसं."

मग धाकटी एवढी हसली की तिला ठसका लागला.

क्लचच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "टोमणाच मारायचा होता तर सरळ मारायचा. मी इमानदारीनं सांगितलं, आणि तुम्ही हे. कालच नवे टायर टाकले तुमच्यासाठी. त्या टायरवाल्यानं पुढच्या चाकाच्या तोलाचं वजन नीट चिकटवलं नसणार, वाटेत पडलं. यात गाडीचा काय दोष?"

"कसलं वजन?"

"अहो थडथड उडत होतं स्टीअरिंग. बायपासभर. तुमच्या हातात होतं ना?"

"मला मागं बसून तुमचे हात उडताना दिसत होते," धाकटी डोळे पुसत म्हणाली. "सायीवरून बोट म्हणे."

शेठना कळायला थोडा वेळ लागला. मग कळलं. मग हेही कळलं की दार उघडं आहे, त्यातून निघून जाता येतं. ते हसले. "मग काय, तुमच्या तोंडावर गाडी खटारा म्हणू? पाहुणे माणूस."

धाकटीनं टाळी दिली. क्लचही शेवटी हसला. थोरली तेवढी आपल्या कपात बघत होती. कप रिकामा होता.

निघताना क्लच बायकोला म्हणाला, "तुम्ही दोघी माझी गाडी हळूहळू टायरवाल्याकडं न्या. मी साडूबुवांबरोबर येतो." शेठ निळ्या गाडीत बसले. क्लच शेजारी बसला, पण दार लावल्यावर म्हणाला, "चालू करू नका."

"का?"

"स्टीअरिंग हातात उडायला लागलं की माणूस मूठ आवळतो. शिकाऊ असो, मुरलेला असो. टोमणा मारणारासुद्धा आधी मूठ आवळतो, मग टोमणा मारतो. तुम्ही आवळली नाहीत." तो सावकाश बोलत होता, ओरडत नव्हता, आणि त्यामुळंच ते वाईट वाटत होतं. "डोळे मिटा. हात पुढं करा."

"शाळा घेताय का माझी?"

"करा."

शेठनी डोळे मिटले आणि तळवा पुढं केला.

"तुमच्या हातावर काय ठेवलंय, सांगा."

शेठनी वाट बघितली. बोटं मिटवली, पुन्हा उघडली. नाणं असेल? पण क्लच नाणं ठेवणार नाही, तो हुशार आहे, काहीतरी चापट ठेवेल. त्याच्या खिशात काय असतं, ते त्यांनी आठवलं.

"चावी," ते म्हणाले. "तुमच्या गाडीची."

उत्तर आलं नाही म्हणून त्यांनी डोळे उघडले. तळव्यावर काहीच नव्हतं. क्लचचे दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर होते.

पंपावर एक माणूस गाडीच्या काचा पुसत होता.

"दुखत नाही," शेठ म्हणाले. "टोचत नाही. काहीच होत नाही. मग थांबायचं कशासाठी?"

"त्याच्यासाठीच."

"घरी सांगणार तुम्ही?"

"मी नाही. तुम्ही सांगायचं." मग त्यानं हात पुढं केला. "आणा. मी चालवतो."

शेठनी चावी दिली. खिशातून काढताना ती बोटात आहे की नाही हे त्यांना बघून घ्यावं लागलं. आता बघायला लाज नव्हती.

दुपारी बायको घरी आली, चपला काढल्या, पाणी प्यायली. शेठ स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभे होते. हा ओटा त्यांनीच केलेला, कड त्यांच्या हातची.

"हात गेलेत माझे," ते म्हणाले.

"हं."

"हं काय? कळलं का मी काय म्हणालो?"

"बटणांचे शर्ट कुणी उचलून ठेवले, तुम्हाला काय वाटलं? हरवले?" ती ओटा पुसायला लागली. पुसलेलाच होता. "दगडाला गाल लावायला लागलात तेव्हाच कळलं. जन्मभर दगडाकडं बघत आलात, पण गाल कधी लावला नव्हतात."

"मग बोलली नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. आणि गाडीतून उतरलात की तुमचं तोंड जरा बरं दिसायचं. दिवसात तेवढंच बरं दिसायचं." तिनं फडकं पिळून वाळत टाकलं. "कुठंही निघालात की मी सोबत यायचे ना? वाटलं असेल, हिला फिरायची हौस. मला गाडी लागते. वर्षभर ओकारी गिळून बसलेय मी शेजारी."

त्याच आठवड्यात दोघं डॉक्टरकडं गेले.

डॉक्टरनं सुया टोचल्या, तारा लावल्या, विचारलं कळतंय का. शेठ प्रत्येक वेळी नाही म्हणाले. डॉक्टर म्हणाले, थरथरीनं होतं हे, नसा जातात, जेवढं गेलं ते गेलं म्हणून धरा. ग्राइंडर बंद. शेठनी गाडीचं विचारलं. स्टीअरिंग हातात आहे की नाही हे कळत नसेल तर नको, असं डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज वाईट नव्हता. त्यांना पुढचा पेशंट होता.

कारखान्यात कड काढायला दुसरा गडी बसला. ती शेठसारखी निघत नव्हती, पण गिऱ्हाइकांना ते कळत नव्हतं. शेठ गाल लावून पॉलिश बघायचे, मान हलवायचे. सकाळी उठायचे, संध्याकाळी झोपायचे. निळ्या गाडीवर फाटकं कापड पडलं.

क्लचनं गाडीला एक गिऱ्हाईक आणलं. चांगला माणूस होता, नीट वाचून आला होता. त्यानं बॉनेट उघडलं, खाली वाकून बघितलं, टायर बघितले. मग शेठना म्हणाला, "मालकाचं मत महत्त्वाचं. स्टीअरिंग कसं आहे?"

"खडीवरून गेलं की एकेक खडा वेगळा कळतो," शेठ म्हणाले. "गोल कुठला, टोकाचा कुठला." मग जरा थांबले. "हे मी ऐकलेलं सांगतोय. माझं मत नाही."

माणूस गोंधळला. शेठची बायको गल्ल्यावरून उठून बाहेर आली होती. तिनं त्या माणसाला सांगितलं, "गाडी विकायची नाही."

"पण यांनी तर..."

"यांना विचारून झालं. आता मला विचारा."

तो गेल्यावर शेठ म्हणाले, "करायचं काय तिचं? टेम्पो तरी येईल."

"टेम्पो मी मागितला तेव्हा आणला नाहीत. आता मला नको."

आणि दुसऱ्या सोमवारपासून ती बहिणीच्या नवऱ्याच्या शाळेत जायला लागली. बहीण शिकवायला तयार होती, पण हिनं सांगितलं, "तू हसतेस. मला क्लचभाऊजीच पाहिजेत, ते ओरडतात." क्लच ओरडला. लहान डबड्यात तिनं त्याला रडकुंडीला आणलं. एकदा सिग्नलला गाडी बंद पडली तर त्याच्यावरच उखडली, "तुमच्याकडचा ब्रेक तुम्ही दाबलात म्हणून बंद पडली. माझ्या पायाला नावं ठेवू नका." पण शिकली. गाडी स्वतः चालवली की लागत नाही, असं तिला आढळून आलं. परवाना आला तेव्हा क्लच निळ्या गाडीत शेजारी बसला आणि पहिल्याच चौकात ओरडला, "क्लच, क्लच." मग त्याला आठवलं की एम फाइव्हला क्लचचा पेडलच नाही. ती त्याच्याकडं न बघता म्हणाली, "उतरा भाऊजी. तुमचं काम संपलं."

त्या जागेवर शेठ बसले.

आता रविवारी ती चालवते. एम फाइव्हमध्ये एवढा जोर भरलेला असतो, ती त्यातला पावसुद्धा बाहेर काढत नाही. बायपासला मागून लोक हॉर्न देतात. पहिल्या दिवशी शेठनी बराच वेळ तोंड आवरलं, मग विचारलं, "काय म्हणतंय स्टीअरिंग?"

"काय म्हणणार?"

"हाताला काही कळत असेल ना."

तिनं जरा लक्ष दिलं. दुकानात दिवसभर नमुने दाखवणारी बाई, तिच्याकडं तेवढेच शब्द होते. "रवाळ आहे," ती म्हणाली. "पहिली घासणी मारून ठेवलेला दगड असतो ना, पाणी टाकायच्या आधीचा. तसं."

"आता?"

"आता बारीक झालं. दुसऱ्या घासणीनंतरचं."

"आता?"

"आता काहीतरी टोचलं एका बाजूला. कड राहिलीय कुठंतरी."

रस्त्याचा जोड होता तो. शेठनी मान उभी हलवली. त्यांच्या हाताला काही आलं नव्हतं, ते मांडीवर पडलेले होते. पण बातमी बरोबर होती.

पुढं तिनं क्लचची मर्सिडीजही चालवली. दोन्ही बहिणी आणि दोन्ही साडू पुन्हा त्याच कॅन्टीनमध्ये बसले, आणि क्लचनं शेठना टाळून तिलाच निकाल विचारला. ती म्हणाली, "तुमची चकचकीत आहे. पॉलिश करून वर मेण लावलेली. बोट ठरत नाही, बाहेरचं काही आत येत नाही. पाहुण्यांच्या खोलीला चांगली. आमची पायरीचा दगड. चकाकत नाही, पण पाय घसरत नाही."

"म्हणजे चांगली कुठली?" क्लचनं विचारलं.

"तुमच्या घरात तुमची."

"हा निकाल झाला का?"

"आमच्या दुकानात हाच निकाल असतो, भाऊजी. गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत आलं नाही की झालं."

क्लचनं शेठकडं बघितलं. शेठ आपला कप दोन्ही तळव्यांत धरून बसले होते. ते म्हणाले, "इंजिनावरची सही मात्र मला आवडते तुमची." ते खरं होतं. क्लचनं साखरेचं भांडं त्यांच्याकडं सरकवलं, मग स्वतःच त्यांच्या कपात चमचाभर घालून ढवळून दिलं.

परतताना ती पुन्हा खडीच्या तुकड्यावर आली. खडी अजून कुणी उचलली नव्हती. शेठनी विचारायच्या आधी ती सांगायला लागली, "रवाळ. रवाळ. मोठा दाणा. आता," आणि थांबली. "आता याला शब्द नाही. बसा गप्प."

शेठनी वाकून खिडकीच्या काचेला गाल लावला आणि डोळे मिटले. गाडी तुकड्यावरून सावकाश जात राहिली.

"काच परवाच पुसलीय मी," ती म्हणाली. "डाग पडतो तुमच्या गालाचा."

त्यांनी गाल काढला नाही. तिनंही वेग वाढवला नाही.